पोथीवर खूण करावी काय?

चिखल्याच्या पारायणात एका मुलाने माझी जुनी ज्ञानेश्वरी घेतली आणि समासात मी शाईने लिहिलेली ओळ ओवी समजून मोठ्याने वाचली. चूक त्याची नव्हे, माझी! शके १२१२ मध्ये माउलींनी सांगितलेल्या ग्रंथात नकला होता होता पाठभेद शिरले. नाथमहाराजांनी शके १५०६ (सन १५८४) मध्ये तो शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. मग, सज्जनहो, खूण करूच नये काय? करावी, पण शिसपेनने, बारीकशी. अर्थ, दृष्टांत, शंका अध्याय व ओवीचा आकडा घालून वेगळ्या बाडात लिहाव्यात. पोथी माउलींची, बाड आपले. आणि खूण नसलेली ओवीही सोडू नये. रामकृष्णहरि!