तोरण्याखाली बसलेल्या भाच्याला

भोर, आषाढ

चि. समीर यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसले. वेल्ह्यात खोली घेऊन राहिलायस, पहाटे तीनला उठतोस, तासभर भस्त्रिका करून ध्यानाला बसतोस. माकडहाडापासून मानेपर्यंत काहीतरी सरसरत जातं, मान आपोआप फिरते, मधेच रडू फुटतं, मिटल्या डोळ्यांपुढे उजेड पसरतो. हे सगळं लिहून शेवटी विचारलंस की मावशी, माझी कुंडलिनी जागी झाली का, आणि नोकरी सोडून इथंच राहू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी सोडू नकोस. या भरात तर मुळीच नको.

पहिल्याला जरा वेळ लागेल. तुला ठाऊक आहे, माझी दीक्षा शक्तिपाताची, पुण्याच्या गुळवणी महाराजांच्या परंपरेतली. तिशी ओलांडली होती, पदरात दोन मुलं होती, शाळेची नोकरी होती. दीक्षेनंतर इथे भोरच्या घरी माजघरात घोंगडी टाकून बसायला लागले, आणि थोड्याच दिवसांत श्वास लोहाराच्या भात्यासारखा आपला आपण चालायला लागला. मान गरगर फिरायची. हात वर जायचे, बोटांच्या मुद्रा व्हायच्या, त्या मी कधी कुठे पाहिलेल्या नव्हत्या. पाठीचा कणा असा तापायचा की थंडीतही पदर ओला व्हायचा. एकदा दार लोटायचं राहिलं आणि सासूबाईंनी पाहिलं. त्यांना शंकाच उरली नाही. 'काळूबाईचं वारं आलंय,' म्हणाल्या, 'मांढरदेवला नेऊन ओटी भरायला हवी.' तुझे काका घाबरून म्हणाले, डॉक्टरला दाखवू. पुण्यातले ज्येष्ठ गुरुबंधू म्हणाले, क्रिया आहेत, होऊ देत. मान एकच, ती फिरायची तशीच फिरत होती. नावं मात्र तीन, आणि तीन नावांमागे माझ्यासाठी तीन वेगळी आयुष्यं उभी होती.

आपल्या भागात अंगात येणं नवीन नाही. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या डोंगरावर केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बायका तूही लहानपणी पाहिल्यास. मी त्यांना कधी हसले नाही, तूही हसू नकोस. वर्षभर गिळलेलं दुःख बाहेर काढायला त्यांना तेवढीच एक जागा असते. पण एखादीच्या अंगात येतं असं गावात झालं की पुढे काय होतं, ते पाहिलंयस का? लोक तिला विचारायला येतात. म्हैस का आटली, पोराचं लग्न कधी जमेल, जमिनीचा दावा कोण जिंकेल. सुरुवातीला ती बावरते. मग उत्तरं द्यायला लागते. मग एखाद्या मंगळवारी वारं आलं नाही तरी तिला आणावं लागतं, कारण अंगणात माणसं ताटकळत बसलेली असतात. त्यातून तिला परत साधी बाई होता येत नाही.

तुझ्याबद्दल मला भीती आहे ती नेमकी हीच. काळूबाईच्या जागी कुंडलिनी म्हटलं आणि लुगड्याच्या जागी पांढरा कुर्ता आला म्हणून वाट बदलत नाही. पुण्याचे दोन मित्र शनिवारी येऊन तुझ्यासमोर बसतात आणि 'आमच्यातली ऊर्जा बघ' म्हणतात, हे तूच लिहिलंस. त्यांना येऊ देऊ नकोस. आलेच तर चहा पाज, तोरण्यावर मेंगाईच्या दर्शनाला घेऊन जा, पण त्यांच्या डोक्यावर हात ठेवू नकोस. आलेला अनुभव खरा असेल, नसेल. त्याला आत्ता नाव देऊ नकोस आणि तो कुणाला सांगू नकोस. मला सांगितलास तेवढं पुरे.

आमच्या परंपरेत या क्रियांबद्दल शिकवण अगदी साधी आहे. आपण होऊन आणू नयेत, आल्या तर दाबू नयेत, बघत राहावं, वेळ झाली की नमस्कार करून उठावं. आतला साठलेला गाळ निघतोय एवढंच समजावं. गाळ कुणी चारचौघांत दाखवत नाही. माझ्या क्रिया काही वर्षं चालल्या, हळूहळू मंदावल्या आणि थांबल्या. आता मी बसते तेव्हा काहीच होत नाही, आणि तसं बसणंच मला सर्वांत प्रिय आहे.

गुळवणी महाराज स्वतः कोण होते, हे पुण्यात राहून तुला ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटतं. जन्म १८८६ चा, देह ठेवला १९७४ मध्ये. टेंबे स्वामींचे ते शिष्य. शक्तिपाताची दीक्षा त्यांना लोकनाथतीर्थ स्वामींकडून मिळाली आणि ही बंगालकडून आलेली धारा त्यांच्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचली. असा माणूस पुण्यात काय करत होता? शाळेत चित्रकला शिकवत होता. पोरांना फळ्यावर फुलदाणी काढून दाखवत होता. त्या नोकरीवर घर चालत होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोन घास मिळत होते. वरंध घाट उतरून शिवथरघळीत जाशील तेव्हा असाच विचार कर. दासबोध तिथल्या गुहेत लिहिला गेला असं आपण मानतो, आणि त्याच दासबोधातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं, लेखणी, शाई, कागद कसे असावेत याबद्दल आहे. तुझं काम संगणकावरचं. ते नीटनेटकं करणं साधनेच्या आड येतं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

आता ग्रंथांकडे वळते, कारण ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचून माझी खात्री पटली, असं तू म्हणतोस. फार चांगलं. मराठीत कुंडलिनीचं इतकं थरारक वर्णन दुसरं नाही. ती जागी होते, साधकाच्या देहातले धातू खाऊन टाकते, नखातलं सत्त्वसुद्धा सोडत नाही, आणि मग देह नवा होऊन उजळतो. पण तू तिथेच पुस्तक मिटलंस असं दिसतंय. त्याच्या थोडं पुढे वाच. एवढं ऐकून अर्जुन भांबावतो आणि विचारतो की हे कुणालाही साधतं का. त्यावर देव योग्यतेची गोष्ट काढतात आणि लगेच जेवणावर आणि झोपेवर येतात. फार खाऊ नये, उपाशी राहू नये, फार झोपू नये, फार जागू नये, बोलणं-चालणंही बेताचं असावं. आकाशाला भिडलेलं ते वर्णन ज्ञानोबा ताटावर आणि अंथरुणावर आणून टेकवतात. नाथपंथाची दीक्षा घरातच होती त्यांच्या, निवृत्तिनाथांकडून आलेली. तरी आपल्या गावांतून रोज संध्याकाळी त्यांचा हरिपाठ म्हटला जातो, आणि बाराव्या अध्यायात त्यांनी योगाच्या वाटेचे कष्ट सांगून भक्तीची वाट सोपी म्हटली, याला काही अर्थ असेल ना?

पतंजलींचंही एक सांगते. अंग थरथरणं आणि श्वासाची अनियमित ये-जा यांची नोंद त्यांनी सिद्धींमध्ये केलेली नाही. पहिल्या पादात चित्ताच्या विक्षेपांबरोबर येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत दुःख आणि खिन्नता यांच्याच पंगतीला अंगमेजयत्व बसवलंय. म्हणजे अंग हललं एवढ्यावरून कुणी वर चढला असं त्यांच्या हिशेबी ठरत नाही. आमच्या परंपरेने थरथरीकडे अधिक मायेने पाहिलं, पण तिला मुक्काम कुणीच म्हटलेलं नाही.

भस्त्रिका मात्र आजच्या आज बंद कर. व्हिडिओ लावून तासभर भराभरा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, बोटं वळतात, डोकं हलकं होऊन तरंगल्यासारखं वाटतं. तू लिहिलेल्यातलं बरंचसं यात बसतं. सगळं बसतं असं मी म्हणत नाही, पण आधी हे बाजूला काढल्याशिवाय उरलेलं काय ते कसं कळणार? यंत्र लावून तपासायला योग कधी लाजला नाही. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते याच कामासाठी. आणि परदेशातही आता याकडे गंभीरपणे पाहतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये साठेक साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास छापला. ध्यान करताना आलेली भीती, उडालेली झोप, अंगात प्रवाह फिरल्याची जाणीव, आपोआप होणाऱ्या हालचाली, सगळं त्यात आहे. काहींना ते सहज पेललं, काहींची घडी विस्कटली.

मरकळला दहा दिवस विपश्यनेला बसून आलास, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही पद्धती यात मिसळू नका म्हणून बजावलं होतं ना? संवेदना सुखाची असो की दुःखाची, तिच्यामागे धावायचं नाही, हेच तिथे शिकलास. मग घरी येऊन त्यावर भस्त्रिका चढवलीस, त्यावर कुणाच्या तरी आवाजातलं ऑनलाइन शक्तिपाताचं ध्वनिमुद्रण. एक धर आणि बाकीचं सोड. कुठलं धरायचं ते मी सांगणार नाही. मन जिथे निमूट बसतं ते धर.

इथवर मी शांतपणे लिहिलं. पण तुझ्या मेसेजमधल्या तीन ओळींनी माझी झोप उडवली आहे. तू लिहितोस की आता दोन-तीन तास झोप पुरते आणि थकवा येत नाही. लिहितोस की समोरच्याच्या मनातलं कळायला लागलंय. आणि ऊर्जाजागृतीच्या शिबिरवाल्याला साठवलेल्या पैशांतले बरेच देऊन टाकलेस, जागेसाठी आणखी देणार आहेस. समीर, झोपेची गरजच संपणं, विचार धावत सुटणं, आपल्याला काही विशेष मिळालंय असं वाटणं आणि हात सैल सुटून पैसे जाणं, हे सगळं एकदम आलं की ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं असतं. हे मी तुझ्या साधनेवर अविश्वास दाखवायला म्हणत नाही. खरी साधना असेल तर ती तपासणीने विटणार नाही. आणि आजार असेल तर लवकर कळलेला बरा, त्यावर औषधं आहेत. रात्री अचानक भीती वाटली, आवाज ऐकू आले किंवा नको ते मनात आलं, तर मला कितीही वाजता फोन कर. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात. नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.

त्या शिबिरवाल्याला आणखी एक रुपया द्यायचा नाही. जो गुरू जागृतीचा दर ठरवतो आणि औषध बंद कर म्हणतो, त्याच्या सावलीलाही थांबू नये. माझ्या दीक्षेला कुणी दर सांगितला नव्हता. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांसाठीच तो केलाय. ते पुढचं पुढे पाहू, आधी तू सावर.

वेल्ह्याचा पाऊस मला माहीत आहे. आषाढात तोरणा दिवसच्या दिवस दिसत नाही, ढग खिडकीत येतो, कपडे वाळत नाहीत, वीज जाते ती रात्रभर येत नाही. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारी माणसं त्या दिवसांत एकटी नसतात. चिखलणी, लावणी, गुरं, चूल, सगळं चारचौघांत चालतं. रोप हातात धरून वाकलेली बाई शेजारणीशी बोलत बोलत ओळ पुरी करते. अशा दिवसांत बंद खोलीत एकट्याने कण्यातल्या सरसरीकडे कान लावून बसणं कुणाही माणसाला झेपणार नाही. तुझ्या ताकदीचा त्यात प्रश्न नाही.

तेव्हा असं कर. उद्यापासून पहाटे तीनचा गजर काढून टाक. रात्री दहाला आडवा हो, झोप आली नाही तरी पडून राहा. ध्यान सकाळी अर्धा तास, तेही बसावंसं वाटलं तर, आणि काही सुरू झालं की डोळे उघडून पाय जमिनीला टेकव, पाणी पी, बाहेर चालून ये. उपास बंद. दोन्ही वेळा गरम भात-वरण-तूप पोटभर खा. घरमालकीणबाईंच्या खाचरात लावणी चालू असेल तर विचारून त्यांच्यात उतर.

आणि शनिवारी सकाळीच निघ. गाडी स्वतः चालवू नकोस. एसटीने नसरापूरला ये, तिथून कापूरहोळला, पुढे भोरची गाडी मिळते. नाहीच जमलं तर फोन कर, काका चेलाडीला घ्यायला येतील. पुण्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आहेत, त्यांची सोमवारची वेळ मी घेतली आहे. मी बरोबर येईन. त्यांना सगळं सांग, उजेडाचंही सांग, काही लपवू नकोस. ऑफिसला आठवड्याची आजारपणाची रजा टाक, राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं असलंस तर ते माझ्याकडे आणून दे. आईला अजून काही बोललेले नाही. तू आलास की दोघं मिळून तिला फोन करू.

तुझी,
मावशी