संगणकाचा आवाज कुठे अडला?

संगणकाच्या पोटात आवाज नसतो. तिथे असतात आकडे. सीडीवरच्या गाण्यात एका सेकंदासाठी प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे असतात! त्या आकड्यांप्रमाणे कमीजास्त होणारी वीज संगणक वायरीतून स्पीकरला पाठवतो. स्पीकरमध्ये लोहचुंबक, तारेचे वेटोळे आणि एक पातळ पडदा असतो. वीज आली की वेटोळे पुढेमागे हलते, त्याच्याबरोबर पडदा हलतो, पडद्याने हवा हलते आणि आपल्याला ऐकू येते. स्पीकरला जाळी नसेल तर गाणं चालू असताना पडद्याला हळूच बोट लावून बघा. बोटाला गुदगुल्या होतात.

म्हणजे आवाजाची एक वाट असते. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नवा नळ आणत नाही. आधी चावी बघतो, टाकी बघतो, पाइप कुठे फुटला का ते बघतो. आवाजाचंही तसंच करायचं.

पहिल्यांदा स्पीकर बघावा. छोट्या स्पीकरला पुष्कळदा दोन वायरी असतात. एक चपट्या पिनेची, यूएसबीची, आणि एक गोल पिनेची. अशा स्पीकरमध्ये चपट्या पिनेतून नुसती वीज येते. आवाज गोल पिनेतूनच येतो. म्हणून दिवा लागलेला असतो पण आवाज नाही! दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं मोठी माणसंसुद्धा म्हणतात. गोल पिन हिरव्या भोकात घालायची. गुलाबी भोक माईकचं असतं. पिन टक् होईपर्यंत आत गेली पाहिजे. अर्धवट राहिली तर कधी एकाच बाजूने आवाज येतो, कधी गाणारा पुसट होतो आणि नुसती वाद्ये वाजतात. मला ही गंमत फार आवडते.

तरी आवाज नाही? मग स्पीकरची पिन गोल भोकाच्या मोबाइलला लावा. तिथे वाजला तर स्पीकर चांगला आहे, अडचण संगणकात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कशाने झालं ते कळत नाही.

माझ्या काकांना दिसत नाही. त्यांचा संगणक मॉनिटरवरचं सगळं त्यांना बोलून दाखवतो. त्या प्रोग्रामचे नाव एनव्हीडीए. तो फुकट मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी तो बनवायला घेतला. त्यांनाही दिसत नाही. आवाज गेला तर आपलं फक्त गाणं बंद होतं, काकांचं सगळंच बंद होतं. अर्ज लिहिणं नाही, पेपर ऐकणं नाही. आवाज कुठून सुरू करायचा तेही त्यांना कळत नाही, कारण ते सांगायलाही आवाजच लागतो.

दिवाळीत नवा मॉनिटर आणला आणि संगणक गप्प झाला. तालुक्याच्या एका दुकानात सांगितलं, नवं साउंड कार्ड घाला. काका म्हणाले, "थांब बाळा, कालपासून काय काय बदललं ते सांग आधी."

मॉनिटर बदलला होता. त्याची वायर एचडीएमआयची होती. या वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. संगणक आवाज मॉनिटरकडे पाठवत होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता! घड्याळाजवळ कर्ण्याचं छोटं चित्र असतं. मी त्यावर क्लिक केलं, यादीतून स्पीकरचं नाव निवडलं, आणि संगणक बोलायला लागला. काका हसले. एक रुपया लागला नाही.

त्याच चित्राजवळ फुली दिसली तर आवाज बंद केलेला असतो. गाणं तेवढं गप्प आणि बाकी सगळं वाजतंय, तर त्या गाण्याच्या प्रोग्रामचं बटण बघावं.

आवाज येतो पण सारखी घूंऽऽ अशी घुरघुर येते, तेव्हा पिन सैल असू शकते किंवा स्पीकरची वायर विजेच्या वायरीला चिकटलेली असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, तीच ऐकू येते. वायर लांब सरकवून बघा. पण उंदराने कुरतडलेली वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवा आणि त्यांना आधी भिंतीवरचं बटण बंद करायला सांगा.