सुटे भाग तेच, मग फरक कशाचा?

कोल्हारच्या नगर-मनमाड रस्त्यावर दोन सुतार शेजारी बसले, तर दोघांचे प्लायवूड एकाच वखारीतले, बिजागऱ्याही त्याच. तरी एकाच्या कपाटाचे दार वर्षभरात खाली उतरते, दुसऱ्याचे दहा वर्षे हलत नाही. संगणक बनविणाऱ्यांचीही हीच गोष्ट आहे.

अमेरिकेच्या आय.बी.एम.ने ऑगस्ट १९८१ मध्ये पर्सनल कॉम्प्युटर काढला. घाईत बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची. स्वतःचा म्हणावा असा मुख्य भाग एकच, यंत्र सुरू करणारा 'बायोस' हा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅक कंपनीने तो चोरला नाही. एका गटाने तो अभ्यासून काय काम करतो तेवढेच लिहून काढले. ज्यांनी तो पाहिलाच नव्हता, अशा दुसऱ्या गटाने नवा रचला. नक्कल वेगळी आणि अभ्यास वेगळा! १९८३ मध्ये त्यांचा संगणक बाजारात आला. शिलाई मशीनच्या पेटीसारखा मुठीला धरून उचलायचा, वजन मात्र साडेबारा किलोंच्या घरात. प्रवासात आदळआपट होणारच, म्हणून आतले ड्राइव्ह धक्के सोसतील असे बसविले होते. पहिल्या वर्षी ५३ हजार नग खपले.

आपल्याकडे अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपापासून सुरू झालेली विप्रो, १९७८ मध्ये आय.बी.एम.ने भारत सोडल्यावर, अझीम प्रेमजींच्या हाताखाली संगणकाकडे वळली. पुढे आयात खुली झाली. तोच प्रोसेसर, तोच मदरबोर्ड कोणालाही मिळू लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गाळ्यागाळ्यांत संगणक जोडून मिळू लागले. चढाओढ उरली ती भावाची. आय.बी.एम.ने हा धंदा २००५ मध्ये चीनच्या लेनोवोला विकला आणि विप्रोने २०१३ मध्ये स्वतःचे संगणक बनविणे थांबविले.

भाव पाडायचा तर काटकसर कुठे होते? प्रोसेसरमध्ये नाही, त्याचे नाव गिऱ्हाईक विचारते. ती होते वीज पुरविणाऱ्या एस.एम.पी.एस.मध्ये, पंख्यात आणि पेटीच्या पत्र्यात. आपल्याकडे वीज कमीजास्त होते, उन्हाळा कडक. हलका एस.एम.पी.एस. जळताना कधी मदरबोर्डही घेऊन जातो, आणि हार्ड डिस्क गेली तर उधारीची वहीच गेली. म्हणून दुकानासाठी जोडणीचा संगणक घेताना एस.एम.पी.एस. कोणत्या कंपनीचा व किती वॅटचा, हे पावतीवर लिहून घ्यावे, पेटी उघडून हवा कोठून आत येते ते पाहावे, आणि हिशेबाची एक प्रत रोज पेनड्राइव्हवर उतरवून घरी न्यावी.