अतिरक्तस्राव व सेप्सिस : रुग्णालयापूर्वीचा पहिला तास

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन व दहन. परीक्षेत हे आपण सर्वांनीच लिहिले. परंतु रक्ताची धार लागलेला रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर येतो, तेव्हा कषायचूर्ण शोधण्यास अवधी नसतो. तेथे हाताचा दाब हाच प्रथमोपचार होय.

ऊसतोडीच्या हंगामात पिंडरीवर कोयता लागलेला एक मजूर आमच्याकडे आणण्यात आला. नातेवाइकांनी हळद भरून फडके आवळले होते. जखम पाहावी म्हणून आम्ही ते सोडले आणि थांबत आलेले रक्त पुन्हा उसळले. चूक आमचीच. रक्त थांबत असेल तर फडके हलवू नये. त्यातूनही वाहत असेल, तरच ते काढून नेमक्या स्रावस्थानी स्वच्छ कापड ठासावे व किमान १० मिनिटे, मध्ये डोकावून न पाहता, दाबून धरावे.

हातापायाचा रक्तस्राव दाबानेही न थांबल्यास जखमेच्या ५ ते ७ सें. मी. वर, सांधा टाळून, रुंद पट्टा काठीने पिळून आवळावा. सुतळी किंवा तार वापरू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दर १५-२० मिनिटांनी बंध सैल करावा असे पूर्वी शिकविले जाई. ते आता त्याज्य मानले जाते. बंध रुग्णालयातच सुटावा, शक्यतो २ तासांच्या आत.

शीतोपचाराविषयी एक सावधगिरी. स्कंदनासाठी शीत द्रव्ये स्थानिक वापरावयाची असतात. सर्व शरीर थंड पडल्यास रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. म्हणून रुग्णास पांघरूण घालावे. रक्त गेलेल्या रुग्णास अतिशीत आहार नको, हे त्याच अध्यायात सांगितले आहे, याचे आम्हास कौतुक वाटते. मात्र शस्त्रक्रिया संभवत असल्याने तूर्त तोंडाने काहीच देऊ नये.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा लाभ २०१० साली २० हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात दिसून आला. ते शिरेतून, इजेपासून ३ तासांच्या आत द्यावयाचे असते. त्यानंतर अपायच संभवतो. काउंटरवरील गोळी देऊन रुग्णास थांबवून ठेवणे हा त्याला पर्याय नव्हे. १०८ ला आधी कळवावे. या सेवेत आपले अनेक पदवीधर कार्यरत आहेत.

तोच मजूर टाके घातल्यानंतर सातव्या दिवशी औषधाच्या दुकानातून तापाची गोळी घेऊन परतला होता. सायंकाळी आमच्याकडे आला तेव्हा बोलणे असंबद्ध, श्वसन मिनिटाला २८, वरचा रक्तदाब ९०. जखमेचा ताप आणि त्यासोबत वेगवान श्वास, भ्रम, घटलेली लघवी, थंड पडलेले हातपाय यांपैकी काही आढळल्यास तो साधा ज्वर समजू नये. सेप्सिसमध्ये ताप नसूही शकतो, विशेषतः वृद्धांत. प्राणवायू, शिरेतून सलाइन व त्वरित पाठवणी एवढेच आपले काम. वाटेतच प्रतिजैविक दिल्याने मृत्यू घटतात का, हे नेदरलँड्समध्ये तपासले गेले. २०१८ च्या निष्कर्षात तसा लाभ दिसला नाही. रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असताना त्यासाठी गाडी थांबविणे आम्हास योग्य वाटत नाही.

रुग्णासोबत चिठ्ठी अवश्य द्यावी : इजेची वेळ, दिलेली औषधे, नाडी, रक्तदाब व श्वसनसंख्या. श्वसन मोजण्याचाच आपल्याकडे कंटाळा केला जातो. दुकानदार बंधूंनीही, जखमेवर फडके बांधलेला गिऱ्हाईक तापाची गोळी मागू लागल्यास, गोळी देण्यापूर्वी जखम किती दिवसांची आहे हे विचारावे व धाप दिसताच वैद्याकडे धाडावे.