धुक्यात उतरणाऱ्यास

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

दिल्लीच्या मार्गावर को-पायलट म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे वाचून संतोष वाटला. परंतु पौषातले तेथील धुके आता तुझ्या वाट्यास येणार, म्हणून हे चार शब्द तातडीने लिहीत आहे.

उतरावे की परतावे, याचा विचार जो धुक्यात शिरल्यावर करू लागतो, त्याचा निर्णय बहुधा चुकतो. कारण सरत चाललेले इंधन, टळलेली वेळ आणि प्रवाशांची अधीरता हे तिन्ही सावकार तोवर दाराशी येऊन बसलेले असतात. यास्तव पर्यायी विमानतळ कोणता आणि किती इंधन उरले असता तिकडे वळावयाचे, याची तजवीज वर आकाश निरभ्र असतानाच कॅप्टनशी मोकळेपणी बोलून पक्की कर. दिल्लीस धुक्यात उतरविणारी तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा आहे खरी, पण विमान आणि दोघेही वैमानिक त्या श्रेणीस पात्र नसतील, तर तिचा उपयोग नाही.

पहिल्या श्रेणीची निर्णय-उंची 200 फूट आणि धावपट्टीवरील दृश्यता किमान 550 मीटर, हे तुला पाठ आहेच. परंतु त्या उंचीवर धावपट्टीचे टोक अजून सुमारे 900 मीटर पुढे असते, म्हणजे तेथे धावपट्टी नव्हे, तिच्याकडे नेणाऱ्या रांगेतले काही दिवे तेवढे दिसावयाचे, हे ध्यानात ठेव. त्याहून फसवे ते जमिनीलगतचे उथळ धुके. वरून पाहताना त्या पातळ थरातून सबंध धावपट्टी स्वच्छ दिसते. पण खाली येता येता नजर तिरकी होऊन त्याच थरातून अधिकाधिक अंतर कापू लागते, आणि चाके टेकण्याच्या ऐन सुमारास दिवे लुप्त होतात. त्या क्षणी विमानाचे नाक वर गेल्याचा भास होऊन हात ते नकळत खाली दाबू पाहतो. त्या भासावर विसंबू नकोस. दिवे गेले की तत्काळ वर जावे.

10 एप्रिल 2010 रोजी स्मोलेन्स्क येथे धुक्यात उतरू पाहणारे विमान कोसळून पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांसह 96 माणसे गेली. इन्स्ट्रुमेंट लँडिंगची सोय नसलेल्या त्या तळावर दृश्यता अवघी 400 मीटर असल्याचे वैमानिकांस आधीच कळविले होते. तरीही ते खाली आले, आणि उंची मोजली ती रेडिओ अल्टिमीटरवर, जो धावपट्टीपासूनची नव्हे, वाटेतल्या खोलगट दरीपासूनची उंची सांगत होता. वर खेचण्याचा इशारा यंत्र वारंवार देत होते. त्या सर्वांचा मला आजही शोक वाटतो.

तू कनिष्ठ आहेस, म्हणून ऐन वेळी गप्प राहण्याची मुभा तुला नाही. निर्णय-उंचीवर दिवे दिसले नाहीत, तर ‘गो-अराउंड’ हा शब्द खणखणीत उच्चार, आणि कॅप्टनची भीड धरू नकोस. दिल्लीऐवजी जयपुरास उतरावे लागले, तर प्रवासी संतापतील; त्यांना कारण नम्रपणे सांग आणि त्यांचे बोलणे ऐकून घे.

तुझ्या आईस माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा