जुन्या इंजिनाची ओढ

प्रश्न : माझ्या फायबर होडीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड जुनं आहे. हल्ली पूर्वीसारखा वेग येत नाही. काय करू?
– एक मच्छीमार, मालवण

उत्तर : इंजिन खोलण्याआधी होडी वर ओढून तळ बघा. शेवाळ, शिंपले धरले असतील तर नवं इंजिनही दमेल! मग दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. १० टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर आधी रिंगा, बाकी खर्च नंतर. ते ठीक असेल तर कार्ब्युरेटर साफ करा, प्लग बदला.

खरी मेख मात्र पंख्यात असते. फुल थ्रॉटलला फेरे पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत चढत नसतील तर कमी पिचचा पंखा लावा. पिच एक इंच घटला की मिनिटाला साधारण २०० फेरे वाढतात. पात्यांच्या कडा चेपलेल्या असतील तर आधी त्या सरळ करून घ्या. आणि पेट्रोलमधलं ऑइल वाचवायला जाऊ नका.