दोन पेढ्या एक करताना

आमचा भाचा पुण्यात कंपन्यांना सल्ला देण्याचे काम करतो. कारखान्यात नवी संगणक-पद्धत आली की कामगारांना समजावणे, शिकवणे, त्यांची नाराजी ऐकणे हा त्याचा धंदा. आता त्याला दोन कंपन्या एकत्र करण्याच्या, म्हणजे विलीनीकरणाच्या कामात जायचे आहे. "मामू, काम तेच आहे ना?" असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, निम्मे तेच आहे. उरलेल्या निम्म्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कापडाची दुसरी एक पेढी आमच्यात मिळवून घेतली. करार, मालाची मोजदाद, बँकेचे कागद सगळे चोख झाले. पण तिकडच्या जुन्या मुनीमजींचे पुढे काय, हे कोणी बोललेच नाही. ना पगार ठरला, ना बसायची जागा. दोन महिन्यांत ते दुसरीकडे गेले. कोणती पार्टी ईदनंतरच पैसे देते, कोणाला तगादा लावला की बिघडते, कोणाचे ताके परत आले होते, हे वहीत नव्हते, त्यांच्या डोक्यात होते. उधारी वसूल करता करता आमच्या चपला झिजल्या, आणि काही बुडालीच.

भाच्याच्या आजच्या कामात घर एक, मालक एक. उशीर झाला तर जुनी पद्धत आणखी महिनाभर चालवता येते. विलीनीकरणात तारीख ठरलेली असते. त्या सकाळी बिल कोणत्या नावाने फाडायचे, चेकवर सही कोणाची, पगार कोण देणार, याची उत्तरे आदल्या रात्री तयार हवीत. जीएसटीचेच पाहा. जुन्या पेढीच्या खात्यात शिल्लक असलेले कराचे क्रेडिट नव्या पेढीकडे न्यायचे तर आयटीसी-०२ हा फॉर्म भरावा लागतो, सोबत सीएचा दाखला लागतो, आणि नव्या पेढीने ते पोर्टलवर स्वीकारावे लागते. देणी कोणाकडे जाणार याचे कलम करारात नसेल तर गाडी अडते. माणसे सांभाळणाऱ्याला हे शिकावेच लागेल.

मोठ्या कंपन्यांत आणखी एक पेच आहे. स्पर्धा आयोगाची मंजुरी लागत असेल तर ती मिळेपर्यंत दोघे प्रतिस्पर्धीच राहतात. एकमेकांचे दर आणि गिऱ्हाइकांच्या याद्या उघड करता येत नाहीत. सगळ्यांना सगळे सांगायची भाच्याची सवय तिथे महागात पडेल.

पण त्याचे जुने ज्ञान वाया जाणारे नाही. विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात मिळाली. त्याआधी पगार सारखे करताना वैमानिकांच्या हमीच्या पगाराचे तास ७० वरून ४० वर आणले गेले. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक वैमानिक रजेवर गेले, विमाने रद्द झाली आणि कंपनीला काही काळ उड्डाणेच कमी करावी लागली. हिशेबाची बेरीज बरोबर असेलही. माणसांना ती आधी पटवायची राहिली, असे आमचे मत.

भाच्याला आम्ही सांगितले, पहिले काम माणसांच्या बाजूचेच माग; मात्र हिशेबवाल्यांच्या बैठकीत बसू देतील, ही अट घाल. पुढच्या जुम्म्याला तो आमच्याकडे येतो आहे. ओळखीचे दोन चुलतभाऊ आपले यंत्रमाग एका छपराखाली आणताहेत. मेहताजी दोन आहेत आणि गल्ला एक. सुरुवात तिथूनच करायला सांगितली आहे.